मुलांना सोबत घेऊन घरातली वीज वाचवायची असेल, तर सुरुवात मीटरपासून करा

आमच्या फ्रिजच्या दारावर एक चित्र चिकटवलेलं होतं. हिरवी पृथ्वी, पिवळा बल्ब आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वीज वाचवा'. मोठीने चौथीत असताना शाळेसाठी काढलेलं. त्याच फ्रिजचं दार सताड उघडं टाकून ती दोन-दोन मिनिटं 'काय खाऊ' असा विचार करत उभी राहायची. चूक तिची नव्हती. वीज वाचवायची हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण ती कुठे जाते आणि किती जाते हे कुणी दाखवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते धड माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही घरच्या घरी बरंच काही करून पाहिलं. आम्ही कराडला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची मोठी आणि सात वर्षांचा धाकटा. एसी नाही. पाण्याचा पंप आहे, गीझर आहे, एक जुना फ्रिज आहे. म्हणजे तुमच्यासारखंच घर. यात काही गोष्टी जमल्या, काही अगदी फसल्या. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर आमचे गेलेले तीन-चार महिने तुमचे वाचावेत, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

काय काय लागेल

- मागच्या वर्षभराची वीजबिलं. कागद जपून ठेवले नसतील तर महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून जुना वापर बघता येतो.
- शंभर पानी वही आणि पेन्सिल. ही वही मुलांची. त्यात आपण लिहायचं नाही.
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ, किंवा मोबाइल.
- कपाळाला लावायच्या टिकल्यांची दोन पाकिटं, एक लाल आणि एक हिरवं. कशासाठी ते पुढे येईल.
- बटण असलेला एक चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड.

विकत आणायचं ते एवढंच. महागडे दिवे, नवे पंखे आधी आणू नका. ते कुठे बसवायचे हे मुलांची वहीच सांगते.

१. आधी बिल वाचा, मुलांच्या शेजारी बसून

बिल आलं की आपण रक्कम बघतो आणि भरतो. मुलांना मात्र रकमेपासून सुरुवात करून देऊ नका. बिलावर 'चालू रीडिंग' आणि 'मागील रीडिंग' असे दोन आकडे असतात. मोठ्यातून लहान वजा करायला सांगा. उत्तर येतं ते युनिट. तिसरी-चौथीतल्या मुलाला हे सहज जमतं, आणि आपल्या वजाबाकीचं उत्तर बिलावर छापलेलं दिसलं की त्याला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं बिल असेल, गोव्यात वीज खात्याचं असेल, तर मांडणी वेगळी दिसेल, पण हे दोन आकडे सगळीकडे असतात.

युनिट म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाका. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. तेवढं पुरे.

दोन गोष्टींत आमची फसगत झाली. पहिली, बिलाचा काळ दर वेळी सारखा नसतो. कधी २८ दिवस, कधी ३३. त्यामुळे 'या महिन्यात वाढलं' म्हणून मुलं हिरमुसतात आणि प्रत्यक्षात वाढलेले असतात फक्त दिवस. म्हणून एकूण युनिटला दिवसांनी भागा आणि 'रोजचे युनिट' लिहा. दुसरी, मे महिन्याची तुलना फेब्रुवारीशी करू नका. मेची तुलना मागच्या मेशीच करायची. त्यासाठीच वर्षभराची बिलं हवीत.

आणखी एक. बिलात स्थिर आकार असतो, तो वापर कमी झाला तरी कमी होत नाही. त्यामुळे युनिट निम्मे झाले तरी रक्कम निम्मी होत नाही. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. याउलट टप्प्यांचा फायदाही दाखवा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत त्याहून जास्त, मग ५०० पर्यंत आणखी जास्त असे टप्पे आहेत. १०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही, वरच्या युनिटना फक्त वरचा दर. म्हणजे आपण वाचवतो ते युनिट नेहमी सगळ्यात महागातले असतात.

२. मीटरशी ओळख करून द्या

आमचं मीटर बाहेरच्या भिंतीवर पेटीत आहे. फ्लॅटमध्ये असाल तर खाली मीटरच्या खोलीत असेल. तिथे मूल एकटं जाणार नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. हात मागे बांधून बघायचं, पेटीत बोट घालायचं नाही. मीटर उंचावर असेल तर मुलाला स्टुलावर चढवू नका, मोठ्याने आकडा वाचायचा आणि मुलाने लिहायचा.

डिजिटल मीटरच्या पडद्यावर एकामागून एक बरेच आकडे येत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी (घराने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली ते) आणि मग युनिट. आपल्याला हवा तो 'केडब्ल्यूएच' (kWh), म्हणजेच युनिट, असं लिहिलेला आकडा. नुसतं 'केडब्ल्यू' लिहिलेला वेगळा. एका रविवारी धाकट्याने १.४२ असा आकडा लिहून आणला आणि आपलं मीटर उलटं फिरलं म्हणून घरभर नाचला. तो कमाल मागणीचा आकडा होता. दोन-तीन फेऱ्या नीट बघितल्या की मुलांना बरोबर आकडा ओळखता येतो.

रीडिंग दर रविवारी एकाच वेळी घ्या. आम्ही सकाळी नऊची वेळ ठरवली. रोज घेतलं तर चार दिवसांत कंटाळा येतो, महिन्याने घेतलं तर काय बदललं ते आठवत नाही.

३. टिकल्या लावायची फेरी

हे पाऊल वगळून कुणीही पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. बटणं बंद करण्याचा उत्साह आला की मुलं काहीही बंद करतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात धाकट्याने आजी आत असतानाच त्यांच्या खोलीतला दिवा घालवला. त्या अंधारात उठल्या आणि उंबऱ्याला ठेचकाळल्या. लागलं नाही, पण मी चांगलीच घाबरले. त्या दिवशी नियम झाला: जिथे माणूस आहे तिथलं बटण विचारल्याशिवाय दाबायचं नाही.

मग टिकल्या आणल्या. सगळ्या घरातून मुलांसोबत फिरा. ज्या बटणाला मुलाने हात लावायला हरकत नाही, त्याच्या शेजारी हिरवी टिकली: पंखे, दिवे, टीव्हीचा बोर्ड. जिथे हात लावायचाच नाही तिथे लाल: फ्रिज, इन्व्हर्टर, पंप, गीझर, इस्त्री, मिक्सर. आजी-आजोबांसाठी एखादं यंत्र चालू असेल, ऑक्सिजनचं किंवा वाफेचं, तर तिथे एक नाही, तीन लाल टिकल्या लावा.

याच फेरीत आणखी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. ओल्या हाताने बटण नाही. वायर धरून पिन ओढायची नाही, पिन धरूनच काढायची. बटण गरम लागलं किंवा जळका वास आला तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची. घरात गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला नसेल तर वायरमनला बोलवून तो आधी बसवून घ्या. वीज बचतीशी त्याचा संबंध नाही, पण मुलं बोर्डापाशी वावरणार असतील तर तो हवाच.

४. लुकलुक मोजा

या सगळ्या खटाटोपात मुलांना सगळ्यात जास्त आवडलेलं काम हे. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी लिहिलेलं असतं. अर्थ सोपा आहे: दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो, म्हणून आपला आधी वाचून घ्या.

कृती अशी:

फ्रिज बंद करा (हे मोठ्यांनी करायचं), कारण तो मध्येच सुरू होतो आणि मोजणी बिघडवतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचं चार्जिंगही थांबवा. गीझर, पंप बंद आहेत ना बघा. बाकीचं जमेल तेवढं बंद करा. आता पाच मिनिटं लुकलुक मोजा आणि लिहा. मग एकच वस्तू चालू करा, समजा पंखा पूर्ण वेगावर, आणि पुन्हा पाच मिनिटं मोजा. दुसऱ्यातून पहिला आकडा वजा केला की उरले ते त्या पंख्याचे.

३२०० च्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे १८.७५ वॅट. दुसरा आकडा असेल तर ६०,००० ला त्या आकड्याने भागा. आमच्या जुन्या पंख्याला पाच मिनिटांत २० लुकलुक आल्या. म्हणजे मिनिटाला चार, म्हणजे ७५ वॅट. मोठीने हा गुणाकार स्वतः केला आणि मग पंख्याच्या मोटरवरची पट्टी बॅटरीच्या उजेडात वाचली, तर तिथे ७५ च लिहिलेलं. त्या क्षणानंतर तिला वीज वाचवा असं पुन्हा सांगावं लागलं नाही.

मोजून झालं की फ्रिज सुरू करायला विसरू नका. आम्ही विसरलो. संध्याकाळी दूध फाटलं तेव्हा कळलं. आता फ्रिज बंद केला की धाकटा हातात चमचा धरून उभा राहतो आणि फ्रिज चालू होईपर्यंत तो खाली ठेवत नाही. आणि बंद केलेला फ्रिज लगेच सुरू करू नका, पाच मिनिटं तरी जाऊ द्या, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर शोधाशोध करा. राउटर, सेट-टॉप बॉक्स, पाण्याचा फिल्टर, कुठेतरी काहीतरी चालू असतं. काही मीटरवर आणखी एक लाल दिवा असतो, तो लुकलुकत नाही. तो सतत पेटलेला दिसला तर त्याचा संबंध वायरिंगमधल्या गळतीशी असू शकतो. वायरमनला दाखवा.

मोजणीनंतर मुलांना वहीत हे लिहायला लावा: 'एका युनिटमध्ये काय किती वेळ चालतं?' आमच्या वहीतलं पान असं आहे:

- ९ वॅटचा एलईडी दिवा: १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त.
- सेट-टॉप बॉक्स, १० वॅट: १०० तास.
- जुना पंखा, ७५ वॅट: १३ तास.
- मिक्सर, ७५० वॅट: एक तास वीस मिनिटं.
- इस्त्री, १००० वॅट: एक तास.
- गीझर, २००० वॅट: अर्धा तास.

हे पान तयार व्हायच्या आधी मी मुलांना विचारलं होतं, सगळ्यात जास्त वीज कोण खातं? धाकट्याने मिक्सर म्हटलं, कारण तो सगळ्यात जास्त ओरडतो. मिक्सर आमच्याकडे दिवसाला पाच मिनिटं चालतो, महिन्याला जेमतेम दोन युनिट. टीव्हीखालचा तो मुका डबा दिवसरात्र चालू, महिन्याला सात युनिट. आवाजावरून आणि उजेडावरून विजेचा अंदाज बांधू नये, हे मुलांइतकंच मीही त्या दिवशी शिकले.

५. जिथे काही गरम होतं, तिथे आधी बघा

वहीतल्या पानाचा शेवट बघा: इस्त्री, गीझर. उष्णता तयार करायला वीज फार लागते. त्यामुळे मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढला का यावर मुलांशी रोज वाद घालण्यात अर्थ नाही. रिकामा चार्जर महिनाभर लावून ठेवला तरी एका युनिटचा लहानसा तुकडा जातो. सुरक्षिततेसाठी जरूर काढा, पण वीज वाचवल्याचं समाधान तिथे मानून थांबू नका.

पाण्याचं गणित असं आहे. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.३ युनिट लागतात. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे दीड युनिट, रोज. महिन्याचे ४५. आमच्या एकूण वापराचा तिसरा हिस्सा नुसत्या आंघोळीत जात होता.

मुलांनी करायची कामं:

- आंघोळीची रांग लावणं. एकामागून एक आंघोळी झाल्या की टाकीतलं गरम पाणी वाया जात नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे बंब एकदाच पेटायचा, तो तापला की घरातलं एकही माणूस रेंगाळायचं नाही." ते शहाणपण गीझरलाही लागू आहे.
- 'गीझर बंद झाला का?' असं विचारणं. बटण दाबायचं मोठ्यांनीच. आंघोळीला आत जाण्याआधी गीझर बंद करायची सवय सुरक्षिततेलाही चांगली.
- बादली किती भरायची याची खूण. आम्ही बादलीवर रंगाची एक रेघ मारली. मुलांना तेवढं पाणी पुरतं.
- उन्हाळ्यात गीझर पूर्ण बंद आहे ना, हे तपासणं. मार्चनंतरही आमचा गीझर सवयीने चालू राहत होता.

छतावर सौर बंब असेल तर नळातून आधी नळीत साठलेलं गार पाणी येतं. बरेच जण ते सोडून देतात. मुलांना ते वेगळ्या बादलीत धरायला सांगा. पाय धुवायला, झाडांना, फरशीला ते चालतं. गीझरचं तापमान कमी करायचं असेल तर बाहेर फिरवायची कळ असेल तरच स्वतः करा. झाकण उघडावं लागत असेल तर वायरमनकडून.

इस्त्रीचं काम मुलांचं नाही, पण कपडे वाळत घालायचं आहे. शर्ट झटकून, खांद्याला धरून, नीट पसरून वाळवला की निम्म्या सुरकुत्या पडतच नाहीत. आठवड्याचे गणवेश रविवारी एकदाच इस्त्री करायचे. इस्त्री बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत रुमाल होतात. ते रुमाल घडी करून देणं हे धाकट्याचं काम.

६. टीव्हीचा कोपरा

रिमोटने टीव्ही बंद केला की सगळं बंद झालं असं वाटतं. सेट-टॉप बॉक्स बहुतेक वेळा चालूच राहतो. हात लावून बघा, कोमट लागतो. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि त्याच्या बटणाला हिरवी टिकली लावा. रात्री शेवटचा टीव्ही बघणाऱ्याने बटण बंद करायचं. आमच्याकडे हे काम मोठीचं. एवढ्या एका बटणाने आमचे महिन्याला पाच युनिट कमी झाले.

बॉक्स पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागतं, त्यावरून घरात कुरकुर होते. आधीच सगळ्यांशी बोलून घ्या.

७. पंखा, उजेड आणि अभ्यासाची जागा

रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा हे मुलांना सगळ्यात लवकर दिसतं. त्यांना हेही सांगा की पंखा खोली गार करत नाही. तो अंगावरचा घाम सुकवतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. खोलीत माणूस नसेल तर तो कुणालाच गार करत नाही.

रेग्युलेटर जुना, मोठ्या डब्यासारखा आणि गरम होणारा असेल तर वेग कमी करूनही वीज फारशी वाचत नाही, उरलेली त्या डब्यात उष्णता होऊन जाते. लुकलुक मोजून हे मुलांना तपासू द्या. आमच्या मधल्या खोलीत तसंच निघालं आणि तो रेग्युलेटर बदलला.

अभ्यासाचं टेबल खिडकीजवळ हलवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यानंतर दुपारी दिवा लागत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड येईल असं टेबल लावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. दिवाळीआधीच्या आवराआवरीत दिवे आणि पंख्याची पाती पुसायचं काम मुलांना द्या. पुसायला खाली देणं-घेणं त्यांनी करायचं, शिडीवर आपण.

८. टाकी, फ्रिज आणि चूल

पाणी वाया गेलं की वीजही वाया जाते, कारण ते पाणी पंपाने वर चढवलेलं असतं. आमचा अर्ध्या एचपीचा पंप मिनिटाला तीसेक लुकलुक घेतो. टाकी भरून वाहताना पाण्याचा आवाज ओळखून "टाकी भरली!" अशी आरोळी ठोकणं हे सात वर्षांच्या मुलासाठी उत्तम काम आहे, आणि त्यात तो कधी चुकत नाही.

फ्रिज बंद करून वाचवायचं नसतं. रात्री फ्रिज बंद ठेवणारी घरं मला माहीत आहेत. त्याने अन्न खराब होतं आणि सकाळी तो तापलेला फ्रिज पुन्हा गार करायला वीज लागतेच. मुलांनी करायचं ते वेगळं. काय हवं ते ठरवून मगच दार उघडणं. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावणं आणि कपटा सहज ओढला गेला तर आपल्याला सांगणं, म्हणजे रबर सैल झालंय. फ्रिजमागे हवा खेळायला जागा आहे ना बघणं. उन्हाळ्यात माठ भरून ठेवणं, म्हणजे पाण्यासाठी दर पाच मिनिटांनी दार उघडत नाही.

फ्रिजवर तारांकित पट्टी असेल तर त्यावर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. मुलांना १२ ने भागायला द्या. पट्टीवरचं वर्षही वाचा. हे तारे ठरवणारी केंद्र सरकारची संस्था, ऊर्जा दक्षता ब्यूरो, त्यांचे निकष अधूनमधून कडक करते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत.

गॅस बिलात येत नाही म्हणून विसरला जातो. नवा सिलिंडर लावला त्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करायचं काम मुलांना द्या. १४.२ किलोचा सिलिंडर किती दिवस गेला हे त्यांच्या वहीत आपोआप येतं. रात्री कडधान्य भिजत घालणं, भाजीवर झाकण ठेवलंय का बघणं, कुकरच्या शिट्ट्या मोजणं ही कामं ओट्यापासून लांब राहूनही होतात. ज्योत निळी आहे की पिवळी हे दुरून बघायला शिकवा. पिवळी दिसली तर बर्नर साफ करायला झालाय.

९. उन्हाळ्याची वेगळी यादी

सकाळी खिडक्या उघड्या, अकरानंतर पश्चिमेचे आणि दक्षिणेचे पडदे बंद, सूर्य मावळला की पुन्हा उघडे. हे वेळापत्रक मुलांकडे द्या, ती विसरत नाहीत.

एसी असेल तर २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं आहे. एसी १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. तो त्याच गतीने गार करतो, फक्त थांबत नाही.

माझी बहीण नागपूरला असते, तिच्याकडे कूलर. कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद केल्या की खोली दमट होते आणि गारवा येत नाही. समोरच्या बाजूची एखादी खिडकी उघडी हवी. आणि हे अगदी कळकळीने सांगते: चालू कूलरला मुलांनी हात लावायचा नाही आणि त्यात पाणी भरायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग मोठ्यांनी पाणी. लोखंडी कूलरचा शॉक बसून दर उन्हाळ्यात जीव जातात.

१०. वयाप्रमाणे कामं, आणि वही चालू ठेवणं

चार ते सहा वर्षं: हिरव्या टिकलीची बटणं, टाकीची आरोळी, दारं-पडदे. सात ते दहा: रीडिंग लिहिणं, लुकलुक मोजणं, रुमाल, कडधान्य. त्यापुढची मुलं गुणाकार-भागाकार करतात, बिलाशी ताळा करतात, आलेख काढतात. एका मुलाला एक-दोनच कामं द्या. मी सुरुवातीला दहा कामांचा तक्ता केला होता, तो आठवड्यात बारगळला.

मुलांना घरातले पोलीस करू नका. पाहुण्यांसमोर आत्याला "पंखा बंद करा" असं मोठी बोलली तेव्हा मला जाणवलं की आपण चुकतोय. दुसऱ्याची चूक वहीत लिहायची नाही, फक्त आकडे लिहायचे.

मुलं विचारतील, "आपली वीज येते कुठून?" आमच्याकडे उत्तर नदीतच आहे. कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिच्या धरणाचं बहुतेक पाणी मात्र बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या बाजूला उतरतं, तिथे वीज होते आणि पुढे ते वाशिष्ठीला जातं. प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. पण राज्यातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून होते. एका युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा. मी तराजूत पाऊण किलोच्या आतबाहेर कांदे घालून मुलांच्या हातात दिले आणि म्हटलं, हे गीझरचं अर्ध्या तासाचं. धाकटा बराच वेळ ती पिशवी धरून उभा होता.

पहिल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमचे १४२ युनिट होते, दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये १२१. वाचलेली रक्कम दर महिन्याला एका डब्यात टाकत गेलो. तिचं काय करायचं हे मुलांनी ठरवायचं, असं आधीच कबूल केलं होतं. मला वाटलं सायकलचं काहीतरी मागतील. दोघांनी वही पुढे केली: आजींच्या खोलीतला पंखा दिवसाला बारा तास फिरतो, सगळ्यात जास्त, तर तोच बदलायचा. डब्यातले पैसे पुरले नाहीत, वरची भर आम्ही घातली आणि कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा आणला. वायरमन गेल्याबरोबर फ्रिज बंद झाला, धाकट्याने चमचा हातात घेतला आणि दोघं मीटरपाशी गेली. आधी त्या पंख्याच्या पाच मिनिटांत २० लुकलुक यायच्या. नव्याच्या आठ आल्या.